जागा

पावसाळ्यात माथेरानला जाणाऱ्या माणसाविषयी जगाचे मत फारसे चांगले नसते. उन्हाळ्यात जाणारा हवा खाण्यासाठी जातो, हिवाळ्यात जाणारा देखावे पाहण्यासाठी जातो. परंतु पॅनोरमा पॉइंटवरून धुक्याखेरीज काही दिसत नाही आणि अंथरुणातली चादरदेखील ओलसर लागते, अशा दिवसांत जो तेथे जातो त्याचे घरी कोणाशी तरी पटत नसावे, असाच तर्क लोक करतात. आम्ही गेली कित्येक वर्षे स्वातंत्र्यदिनाच्या सुटीला माथेरानची वाट धरतो आणि हा तर्क निमूटपणे सहन करतो. नेरळहून घाट चढणारी छोटी गाडी त्या दिवसांत बंद असते. दस्तुरी नाक्यावर मोटार सोडायची. अमन लॉजहून सुटणारी गाडी मिळाली तर ठीक, नाही तर तांबड्या चिखलातून चालत जायचे. गावात मोटारींना मज्जाव असल्यामुळे पावसाचा आवाज येथे जसा ऐकू येतो तसा मुंबईत कधीच येत नाही. प्रथम जांभळीच्या पानांवर, मग कौलांवर, मग पन्हळीतून दगडावर, असे त्याचे तीन निरनिराळे सूर ओळखता येतात.

२०२४ च्या ऑगस्टात आम्ही वर गेलो ते काहीसे जड मनाने. त्या महिन्याच्या ८ तारखेच्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले होते. शाहू महाराजांनी बांधविलेले हे नाट्यगृह १९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ या नावाने उघडले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवरावांचे नाव मिळाले. ९ ऑगस्ट हा केशवरावांचा जन्मदिवस. ज्या रंगमंचावर दुसऱ्या दिवशी त्यांच्या प्रतिमेस हार घालायचा, तो आदल्या रात्री राख झाला. वर्तमानपत्रांतील छायाचित्रांत छप्पर कोसळलेले दिसत होते, आणि ढिगाऱ्याशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या कलावंतांचे चेहरे घरचे माणूस गेल्यासारखे दिसत होते. पुढे सरकारने ते नाट्यगृह पुन्हा उभारण्याचे ठरविले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्या आठवड्यात समाधान कोणालाच सुचत नव्हते.

आमच्याबरोबर आमची कन्या होती. आम्ही इंग्रजी साहित्य शिकवतो म्हणून इंग्रजांचे सर्व काही आम्हाला ठाऊक असावे, असा तिचा लहानपणी समज होता. तो आता राहिलेला नाही. न्याहारीच्या वेळी ती म्हणाली, “बाबा, कोल्हापूरचं थिएटर जळलं त्याच आठवड्यात लंडनमध्ये काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे का?”

आम्हाला माहीत नव्हते. तिने सांगितलेली हकीकत अशी. पश्चिम लंडनमध्ये शेफर्ड्स बुश नावाच्या वस्तीत १९०४ साली बांधलेले एक लहानसे सभागृह आहे. त्याचे नाव बुश हॉल. ब्रिटनमध्ये अशी छोटी सभागृहे एकामागून एक बंद पडत आहेत. २०२३ या एका वर्षात सव्वाशे जागा संगीताला मुकल्या. बुश हॉलवरही तशीच पाळी येऊ पाहत होती. तेव्हा १३ आणि १४ ऑगस्टला त्याच्या मदतीसाठी ‘सेक्स पिस्टल्स’ नावाच्या जुन्या वाद्यवृंदातील तीन मंडळी तेथे येऊन वाजवून गेली. स्टीव्ह जोन्स, पॉल कुक आणि ग्लेन मॅटलॉक ही त्यांची नावे. तिघेही सत्तरीकडे झुकलेले, आणि त्यांतील दोघे त्याच भागात वाढलेले. चौथा, म्हणजे मूळचा गायक, आला नाही. त्याचे आणि या मंडळींचे भांडण २०२१ साली न्यायालयापर्यंत गेले होते. त्याच्या जागी एक तरुण गायक उभा राहिला.

या वाद्यवृंदाचे नावच असे आहे की वर्गात उच्चारण्याचे धैर्य आम्हाला झाले नसते. ज्या संगीताला पंक म्हणतात त्याचे हे आद्य पुरुष. १९७५ साली ते एकत्र आले, १९७७ साली राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव चालू असताना त्यांनी तिच्यावर असे गाणे काढले की बीबीसीने ते वाजविण्याचे नाकारले, आणि १९७८ च्या जानेवारीत त्यांची फाटाफूट झाली. पुढे मधूनमधून ते एकत्र आले आणि पुन्हा पांगले. आम्ही कन्येला विचारले, “पण त्यांना गाता येत होतं का?”

ती हसून म्हणाली, “नव्हतं येत. हीच तर गंमत. गळा तयार नाही, बोली शुद्ध नाही, घराणं नाही. पण ज्याला काही सांगायचं आहे त्याने उभं राहावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि त्यांना उभं कोणी केलं? असल्या छोट्या हॉलनीच. म्हणून म्हातारपणी परत आले.”

‘बोली शुद्ध नाही’ हे तिचे शब्द ऐकून आमच्या हातातला चहाचा पेला खाली ठेवला गेला. त्याचे कारण तिला ठाऊक नव्हते आणि ते सांगण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. विषय बदलण्यासाठी आम्ही तिला संयुक्त मानापमानाची गोष्ट सांगू लागलो.

ही गोष्ट मराठी घरांत अनेकदा सांगून झालेली आहे; तरी जिच्यात केशवराव आहेत अशी गोष्ट त्या दिवसांत पुन्हा सांगावीशी वाटली. १९२१ साली गांधीजींनी टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प सोडला होता. लोकमान्यांना जाऊन वर्षही पुरे झालेले नव्हते. महाराष्ट्रात त्या वेळी दोन नाटक कंपन्यांची मोठी चढाओढ होती: एक बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी, दुसरी केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श. बालगंधर्व शब्द लडिवाळपणे उलगडीत गाणारे. केशवराव तडफेने, तारसप्तकाला हात घालून गाणारे. एकाचा चाहता दुसऱ्याच्या चाहत्याशी वाद घालताना रात्र सरून जाई. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात हे दोघे फंडाच्या मदतीसाठी एकाच रंगमंचावर आले. नाटक खाडिलकरांचे ‘मानापमान’. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व.

नाटकाची निवड मोठी मार्मिक होती. भामिनी श्रीमंताची मुलगी. धैर्यधर शूर खरा, परंतु निर्धन. म्हणून ती त्याचा उपमर्द करते. पुढे वनमालेच्या वेषात त्याचे मोल तिला कळते. केशवराव कोल्हापुरातल्या गरीब घरातले. खेळण्याच्या वयात ते नाटक कंपनीत शिरले. शाळेपेक्षा रंगपटातच त्यांचे शिक्षण झाले, आणि १९०८ साली हुबळीला त्यांनी स्वतःची कंपनी काढली तेव्हा ते अठरा वर्षांचेही नव्हते. उलट बालगंधर्व कशाचे लाडके नव्हते? त्यांना ती पदवीच लोकमान्यांनी दिली, असे सांगतात. भामिनीच्या तोंडून रंगमंचावर धैर्यधराचा अपमान होत होता, आणि त्याच क्षणी शेजारी उभे राहून बालगंधर्व केशवरावांना आपल्या बरोबरीचा मान देत होते. प्रयोगाच्या वेळी एक तेहतीस वर्षांचे, दुसरे एकतिशीही न गाठलेले. त्यानंतर तीन महिनेही उलटले नाहीत, तोच ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव वारले. त्या रात्री ज्यांनी ते दोन गळे एकत्र ऐकले त्यांनी ऐकले. पुढच्या वर्षी करू असे म्हणून तो खेळ लांबणीवर टाकला असता तर तो कधीच झाला नसता.

आमची कन्या म्हणाली, “पण ते दोघं तरुण होते, बाबा. लंडनचे म्हातारे आहेत.” आक्षेप बरोबर होता. आम्ही तिला १९४४ सालचे उदाहरण दिले. मुंबई मराठी साहित्य संघाने डॉ. भालेरावांच्या पुढाकाराने मराठी रंगभूमीचा शताब्दी महोत्सव भरविला, तेव्हा बोलपटांच्या लाटेत पांगलेली कितीतरी वयस्क नटमंडळी पुन्हा एकदा रंगमंचावर आली. आवाज थकले होते, कंपन्या मोडल्या होत्या. परंतु नाटकाला घर नाही, ही खंत सर्वांना जाळीत होती. गिरगावात केळेवाडीत संघाचे स्वतःचे नाट्यगृह उभे राहावयास त्यानंतर वीस वर्षे लागली. ते १९६४ साली उघडले. ज्यांनी त्यासाठी खपून घेतले त्यांतील कित्येकांना तेथे पाऊल ठेवण्याचे भाग्य मिळाले नाही.

गोष्टी सांगून झाल्या. कन्या छत्री घेऊन शार्लोट तलावाकडे गेली आणि आम्ही पावसाचा आवाज ऐकत बसलो. वाचकांना आता ती गोष्ट सांगितली पाहिजे, जी आम्ही तिला सांगितली नाही.

आम्ही महाविद्यालयात असताना आमची चौघांची एक संगीतमंडळी होती. एक पेटी वाजवीत असे, एक तबला. आम्ही मंडळीचे चिटणीस, थोडे गाणारे व फार बोलणारे. आणि चौथा खरा गवई. तो कर्जतजवळच्या एका खेड्यातला. गावच्या भजनी मंडळात तयार झालेला त्याचा गळा असा मोकळा होता की तंबोऱ्याची जवारी लागण्यापूर्वीच खोली सुरात येई. आम्ही त्याला धैर्यधर म्हणत असू. १९९० च्या मे महिन्यात स्नेहसंमेलनासाठी मानापमानातले दोन प्रवेश बसवावे असे ठरले, आणि तालमीसाठी आम्ही दहा दिवस माथेरानला आलो.

येथे इंग्रजी अमदानीतला एक बंगला आहे. त्याचा दिवाणखाना लांबरुंद, लाकडी तक्तपोशीचा. एका टोकाला हातभर उंचीचा चौथरा. सुटीला आलेली कुटुंबे एके काळी तेथे गाणी-नकला करीत. सत्तर-ऐंशी माणसे दाटीवाटीने बसतील एवढीच जागा. बंगल्याच्या रखवालदार काकांनी तो दिवाणखाना आम्हाला फुकट वापरू दिला. त्यांची अट एकच, की रोज रात्री धैर्यधराने त्यांना एक भजन ऐकवावे. दहा दिवस त्याने ते भाडे चुकते केले. दिवसा तो आम्हाला पदे शिकवी. गाण्यात जेथे कलावंताची करामत दिसते त्या स्थळाला आपल्याकडे ‘जागा’ म्हणतात. तो एकेक जागा दहादा गाऊन दाखवी आणि आमच्या गळ्यातून ती येईपर्यंत पुढे सरकत नसे.

नवव्या दिवशी आम्ही चिटणीस या नात्याने भूमिका वाटल्या. धैर्यधर बोलताना ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणे. मुंबईच्या श्रोत्यांसमोर सेनापतीने ‘पानी’ म्हटले तर हशा होईल, असा विचार आमच्या सुशिक्षित डोक्यात आला. आम्ही त्याला म्हटले, “पदं तू आतून म्हण, रंगमंचावर मी उभा राहतो.” हे आम्ही अगदी सहज म्हटले, त्यात काही वाईट आहे असे आम्हाला वाटलेदेखील नाही, आणि तीच त्यातली सर्वांत वाईट गोष्ट होती. तो काही बोलला नाही. रात्री त्याने काकांना नेहमीप्रमाणे भजन ऐकविले. दुसऱ्या दिवशी पहाटे तो पायवाटेने एकटाच नेरळला उतरून गेला. स्नेहसंमेलनात आम्ही उभेही राहिलो आणि गायलोही. टाळ्या पडल्या, मित्रांच्या असतात तशाच त्या होत्या. त्यानंतर चौतीस वर्षे आमचे त्याच्याशी बोलणे नव्हते. तो आपल्याच तालुक्यात शाळामास्तर झाला आणि मुलांना गाणे शिकवतो, एवढे पेटीवाल्याकडून कळले होते. आम्ही पावसाळ्यात माथेरानला येतो याचे कारण हे, की त्या दिवसांत त्या बंगल्यापुढून जाताना ओळखीचे कोणी भेटत नाही.

२०२४ च्या त्या सकाळी मात्र आम्ही त्या बंगल्यात शिरलो. काका ऐंशीच्या पुढे गेलेले, ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. दिवाणखान्याचे अर्धे छप्पर त्या पावसात बसले होते. आढे सरकले होते आणि वासे कुजले होते. शाकारणी नीट व्हायला हवी, पण मालकांना आता त्यात रस नाही, असे काकांचा मुलगा म्हणाला. दिवाणखाना पाडून तेथे खोल्या काढण्याचा बेत होता. काकांनी आम्हाला ओळखले नाही. नाव सांगितल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “आणि तो भजन म्हणणारा कुठं असतो?”

त्या दिवशी आम्ही धैर्यधराला पत्र लिहिले. ते चारदा लिहिले. तिसऱ्या पत्रात फंडाविषयी पुष्कळ होते आणि क्षमेविषयी काहीच नव्हते, म्हणून तेही फाडले. चौथ्यात दोन्ही होते. आठ दिवसांनी दूरध्वनी आला. पलीकडून प्रश्न आला तो एवढाच: “पट्टी कोणती ठेवलीस?”

डिसेंबरात जलसा ठरला. मालकांनी छपराचा खर्च निघाल्यास दिवाणखाना ठेवण्याचे कबूल केले. पेटीवाला पुण्याहून आला. तबलजीच्या बोटांना संधिवात झालेला, तरी तोही आला. आम्ही स्थानकावर धैर्यधराला उतरून घेण्यास गेलो. केस पांढरे, गुडघे दुखरे. हातरिक्षा बोलावू लागलो, तर तो म्हणाला, “माणसानं ओढलेल्या गाडीतून गायला जायचं? चल, चालू हळूहळू.” चालताना पहिली पाच मिनिटे आम्ही छोट्या गाडीविषयी बोललो. मग तो थांबला आणि म्हणाला, “मी अजून पानीच म्हणतो हं. चालेल ना?”

लिहिताना ‘आम्ही’ म्हणण्याची आमची सवय जुनी आहे. या शब्दाचा एक फायदा असा, की त्याच्या आड एका माणसाला सुखाने लपता येते. त्या वेळी मात्र लपता येईना. “मी चुकलो,” असे आम्ही म्हटले. तो म्हणाला, “ते मला त्याच दिवशी माहीत होतं. तुला कळायला वेळ लागला.” मग त्याने पिशवी आमच्या हाती दिली आणि आम्ही पुढे निघालो.

रात्री सत्तरएक माणसे जमली: घोडेवाले, खानावळवाले, शाळेतल्या बाई, थोडे प्रवासी, आणि अगदी पुढे खुर्चीत काका. शेजारी आमची कन्या. छपराच्या उघड्या अर्ध्या भागावर ताडपत्री ताणलेली होती आणि ती वाऱ्याने मधूनमधून फडफडत होती. धैर्यधर चौथऱ्यावर पुढे बसला, आम्ही मागे तंबोऱ्यावर. पट्टी दोन स्वरांनी खाली घेतली होती, तरी पहिली दहा मिनिटे आवाज खडूच्या धुळीने भरल्यासारखा निघत होता. मग तो तापला. जुना गळा तो नव्हे. त्यातले पाणी आटले होते, परंतु तळ स्वच्छ दिसत होता. शेवटी त्याने मानापमानातले पद घेतले. वरच्या षड्जाजवळ जी जागा तो आम्हाला दहा-दहा वेळा घोटून घेई, तेथे तो आला, आणि आवाज वर जाईना. तो क्षणभर थांबला. पेटीने सूर धरून ठेवला. मग मान न वळविता त्याने डाव्या हाताने मागे खूण केली.

ती जागा आम्हाला येत होती, कारण ती त्यानेच दिलेली होती. आम्ही ती मागून म्हटली. फारशी चांगली म्हटली नाही. पण ती सुरात होती, आणि तो समेवर आला. तो पुढे बसलेला आणि आमचा आवाज आतून येणारा, असे ते दृश्य होते. चौतीस वर्षांपूर्वी आम्ही जे उलटे मांडले होते ते त्या रात्री सुलटे झाले. सभेत कोणाला त्याचा पत्ता लागला नाही. पुढच्या आवर्तनात काकांनी मान डोलावली, एवढेच.

तेव्हापासून आम्हाला वाटते, म्हातारे गवई मदतीच्या जलशाला येतात ते गळा दाखवायला येत नाहीत. गळा गेल्याचे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असते? माणूस गाण्यात जागा घेतो ती नंतर; त्याआधी त्याला कोणी तरी उभे राहायला जागा द्यावी लागते. ती शाहू महाराजांनी दिली असेल, शेफर्ड्स बुशमधल्या एखाद्या सभागृहाने दिली असेल, नाही तर एका रखवालदाराने भजनाच्या भाड्यावर दिली असेल. तिचे ऋण फेडायचे तर ती पुढच्याला मोकळी ठेवावी लागते. आणि ज्याने दुसऱ्याची जागा बळकावलेली असेल, त्याला ती आधी परत करावी लागते. मग फंडात किती रुपये जमले हा प्रश्न.

रुपये पुरे जमले नाहीत. अर्ध्या खर्चाची सोय झाली. उरलेल्यासाठी धैर्यधराच्या भजनी मंडळाने पुढच्या महिन्यात एक रात्र जागविली आणि सुताराने काही मजुरी सोडली. २०२५ चा पावसाळा छपराने काढला. गळते ते फक्त एका कोपऱ्यात, नेमके तंबोऱ्यामागे आम्ही बसलो होतो तेथे. काकांच्या मुलाने तेथे बादली ठेवली आहे. आम्ही ऑगस्टात गेलो तेव्हा तिच्यात पडणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकत बराच वेळ बसलो. आमच्या कन्येला सर्व गोष्ट आम्ही त्याच दिवशी सांगितली. ऐकून झाल्यावर ती काही बोलली नाही. उठून तिने भरलेली बादली पन्हळीखाली ओतली आणि पुन्हा जागेवर आणून ठेवली.